सोलोइस्ट झाले नाही तर मी हरले का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘ताई, मी २४ वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून व्हायोलिन वाजवते, संगीतातली पदवी झाली आहे. यंदा एका मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडले. त्यानंतर एका ऑर्केस्ट्राची ऑडिशन दिली, तिथेही पहिल्या फेरीतच संपलं. माझे सर म्हणतात, ऑर्केस्ट्राची तयारी मनापासून कर. पण मला रांगेत बसून वाजवायचं नाहीये, मला पुढे उभं राहून, मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा घेऊन, एकटीने ब्राम्सचा कॉन्चेर्तो वाजवायचाय. रोज सात-आठ तास वाजवते. गेले काही महिने डावा खांदा आणि हात दुखतो, हे सरांना सांगितलेलं नाही. एका मैत्रिणीने तिच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, बोलावलंय, पण त्यात माझा वेळ जाईल असं वाटतं. कर्ज काढून जुनं, चांगल्या घराण्याचं व्हायोलिन घ्यावं का, हाही विचार चालू आहे. बाबा रोज विचारतात, अजून किती दिवस असं? त्यांना काय सांगू? (नाव छापू नका.)’

प्रिय मैत्रिणी,

तू खांद्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, तीही मध्येच कुठेतरी. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या खांद्यावर अवलंबून आहेत.

व्हायोलिन धरण्याची पद्धत शरीराला सोयीची नाहीच. डावा हात कोपरापासून पूर्ण आत वळवलेला, मान डावीकडे, आणि त्या अवस्थेत तासन्‌तास बोटांची बारीक हालचाल. हे झेपतं, आयुष्यभर झेपतं, पण खांदा सैल असेल तर. एक करून बघ. डावा हात बाजूला सोडून दे आणि व्हायोलिन फक्त हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धर. ते पडू नये म्हणून खांदा वर उचलावा लागतोय का? हनुवटी जोर लावून खाली दाबावी लागते का? तसं असेल तर तुझ्या मानेच्या लांबीला चिनरेस्ट (हनुवटी टेकवायचा तुकडा) बुटका पडतोय किंवा शोल्डर रेस्ट चुकीच्या उंचीवर आहे, आणि रोज सात तास तू वाद्य वाजवण्याबरोबरच ते पकडून ठेवण्याची मजुरीही करते आहेस. चिनरेस्ट बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे. कितीतरी मुलं पहिल्या दिवशी व्हायोलिनवर जो होता तोच वर्षानुवर्षं वापरत राहतात. दुसरी जागा अंगठ्याची. वरच्या पोझिशनमध्ये जाताना तो व्हायोलिनच्या मानेला चिमटा काढतो का, हे व्हिडिओ करून बघ.

पण हे डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. आधी अपॉइंटमेंट. वादकांच्या दुखण्यांची माहिती असलेले डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट मिळाले तर उत्तम, आणि जाताना वाद्य बरोबर ने, वाजवून दाखव. रात्री दुखून जाग येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा काहीही न दुखता एखादं बोट आपोआप आत वळत असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. आणि सरांना सांग. दुखणं लपवलं की शिकवणाऱ्याला तुझ्या वाजवण्यातला ताण हा तंत्राचा दोष वाटतो, आणि तो अजून सराव सांगतो. मॅक्सिम वेंगेरोव्ह जगातल्या पहिल्या फळीतला सोलोइस्ट असताना खांद्याच्या दुखापतीपायी काही वर्षं व्हायोलिनपासून दूर राहिला आणि २०११ मध्ये परतला. त्याच्यासाठी जग थांबलं, कारण तो वेंगेरोव्ह होता. आपल्यासारख्यांनी वेळेवर डॉक्टर गाठावा.

सात-आठ तासांबद्दलही बोलायला हवं. तुला त्या आकड्याचा अभिमान आहे हे पत्रात जाणवतं. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, ही जी गोष्ट सगळे सांगतात तिचं मूळ तिथे आहे. त्यातली सर्वोत्तम मुलं एकट्याने आठवड्याला साधारण २४ तास सराव करत होती, म्हणजे दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास. तोही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन. ती मुलं झोपतही इतरांपेक्षा जास्त होती, दुपारची डुलकी काढत होती. २०१९ मध्ये हाच अभ्यास नव्याने केला गेला, तेव्हा ‘चांगली’ आणि ‘सर्वोत्तम’ मुलं यांच्या सरावाच्या तासांत म्हणावा तसा फरक सापडला नाही. सर्वोत्तम ठरलेल्यांनी जास्त तास घातले होते असं दिसलंच नाही. मी तुला आळस शिकवत नाहीये. डोकं ताजं असतानाचे चार तास वाजव, त्यातही दर पाऊण तासाने व्हायोलिन खाली ठेव. उरलेला वेळ स्कोअर (सगळ्या वाद्यांचे भाग एकत्र लिहिलेली स्वरलिपी) वाचण्यात, ऐकण्यात आणि झोपण्यात घाल. आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

आता स्पर्धा. अशा वेळी लोक थोर व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राखचं उदाहरण देतात. १९३५ च्या विएन्याव्हस्की स्पर्धेत तो दुसरा आला, पहिली आली १५ वर्षांची जिनेत नव्हू. दोन वर्षांनी ब्रसेल्सच्या इझाई स्पर्धेत (आज जिला क्वीन एलिझाबेथ स्पर्धा म्हणतात) तोच पहिला आला. गोष्ट खरी आहे, पण तुला ती सांगून धीर देणं मला बरोबर वाटत नाही. दुसरा येणं वेगळं आणि पहिल्या फेरीत बाहेर पडणं वेगळं. त्या फेरीतून तुला जे कळायला हवं होतं ते असं: तुझं वाजवणं परीक्षकांना आवडलं नाही, की त्यांच्या लक्षातच राहिलं नाही? परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर माग. मिळत नसतील तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तुझ्या सरांना नको, तुला न ओळखणाऱ्या तीन चांगल्या वादकांना ऐकव आणि विचार की पुढचं ऐकावंसं वाटलं का. सूर-लयीच्या चुका दुरुस्त होतात. ‘सगळं बरोबर होतं, पण लक्षात काही राहिलं नाही’ असं तिघांनीही सांगितलं, तर सोलोइस्ट होण्याच्या स्वप्नापुढे तो खरा अडथळा आहे. आणि तो जास्त तास वाजवून हटत नाही, चार माणसांबरोबर संगीत करून हटतो. त्याकडे पुढे येते.

तुझा मुख्य प्रश्न रांगेचा आहे. मी आयुष्याचा मोठा भाग त्या रांगेत काढला आहे आणि वादक परीक्षकांना दिसू नये म्हणून ऑडिशनमध्ये लावतात त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशोब बघ. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादकांचे दोन गट असतात, पहिली व्हायोलिनं १६ आणि दुसरी १४, म्हणजे ३० माणसं. तोच ऑर्केस्ट्रा एका हंगामात व्हायोलिनचे पाहुणे सोलोइस्ट बोलावतो मोजके, आणि त्यातली बरीच नावं या शहरातून त्या शहरात तीच फिरत असतात. म्हणजे जगात व्हायोलिनवर पोट भरणाऱ्या सोलोइस्टच्या जागा फार थोड्या आहेत आणि त्या रिकाम्या होत नाहीत. यातली एखादी तुला मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ती न मिळणं म्हणजे हार, असं ठरवलंस तर तुझ्या वर्गातले जवळजवळ सगळेच हरलेले ठरतील, आणि माझ्या माहितीतले उत्तम वादक तर नक्कीच.

तू ब्राम्सच्या कॉन्चेर्तोची चाळीस मिनिटं बघते आहेस. त्या चाळीस मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे काय असतं? विमानतळ. हॉटेलच्या खोलीत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घोडीवर (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर) आवाज दबवणारा म्यूट चढवून केलेला सराव. अनोळखी कंडक्टरबरोबर एक किंवा दोन तालमी, त्याची लय तुझ्या लयीशी जुळली नाही तरी तक्रार करायला वेळ नाही. कार्यक्रम, टाळ्या, आणि सकाळी पुढचं शहर. मानधन कार्यक्रमागणिक, त्यातून एजंटचं कमिशन, ताप आला तर त्या आठवड्याची कमाई शून्य. वर्षभराच्या तारखा खूप आधी ठरलेल्या, म्हणून ताप आला तरी उभं राहायचं. काही माणसांना हे आयुष्य मनापासून मानवतं. एकटं असणं, सतत नवं शहर, सगळ्यांची नजर आपल्यावर, यातून त्यांना बळ मिळतं. तुला मानवेल का? तुझ्या पत्रात ब्राम्सबद्दल प्रेम आहे, पुढे उभं राहण्याची ओढ आहे, पण या जगण्याबद्दल एक शब्द नाही. कुठल्या प्रकारचा दिवस जगायला आवडेल, हे आधी ठरव. पद कोणतं, ते त्यानंतर.

आता रांगेतून दिसतं तसं सांगते. दोघांत एक स्टँड असतो. आतल्या बाजूला बसणारा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो, त्यामुळे पानाच्या शेवटच्या ओळीत संगीत कधी तुटत नाही. सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात, गज कुठे वर आणि कुठे खाली, कॉन्सर्टमास्टरने, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाने, ठरवलेलं. ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीची सुरुवात पहिल्या व्हायोलिनांकडे आहे. आधी काही नाही, कुणी वाट दाखवायला नाही, सरळ तो सुस्कारल्यासारखा आलाप. सोळा जणांनी तो असा उचलायचा की कुणा एकाचं व्हायोलिन ऐकू येता कामा नये, आणि तरी सगळं जिवंत राहिलं पाहिजे. शेजाऱ्याच्या गजाचा वेग डोळ्यांच्या कोपऱ्यातून घ्यायचा, चेलोंचा सूर कानात ठेवायचा आणि आपला त्यात मिसळायचा. हे सोलो वाजवण्यापेक्षा सोपं नाही. वेगळं आहे, आणि त्याची स्वतःची धुंदी आहे.

जाहिरात मात्र करत नाहीये. काय वाजवायचं हे तू ठरवत नाहीस. न आवडणाऱ्या कंडक्टरच्या हाताखाली पूर्ण आठवडा काढावा लागतो. पितळी वाद्यांच्या पुढे बसलीस तर कान जपावे लागतात, इअरप्लगची सवय पहिल्या दिवसापासून लावायची. आणि काही जणांचं नोकरी पक्की झाल्यावर घरचं वाजवणं बंद होतं, मग दहा वर्षांनी हात जड होतात. पण दरमहा पगार असतो, आजारपणाची रजा असते, आणि उरलेल्या वेळेत तू सोलो वाजव, क्वार्टेट कर, शिकव, कुणी अडवत नाही.

आणि रांगेतून पुढे जाता येत नाही, हे कुणी सांगितलं तुला? ज्याच्या नावाने ती ब्रसेल्सची स्पर्धा सुरू झाली तो युजीन इझाई, सोलोइस्ट म्हणून जग जिंकण्याआधी बर्लिनच्या बिल्झे ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर होता. मेंडेल्सझोनचा कॉन्चेर्तो, जो तू नक्की वाजवला असशील, तो १८४५ मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा वाजवला फर्डिनांड डेव्हिडने, आणि तो त्याच गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर होता. मेंडेल्सझोनने लिहिताना त्याचा सल्ला घेतला होता. जोसेफ गिंगोल्ड आधी कंडक्टर तोस्कानिनींच्या एनबीसी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, मग क्लीव्हलंडचे कॉन्सर्टमास्टर झाले, आणि पुढे इंडियाना विद्यापीठात शिकवताना आजचा प्रसिद्ध सोलोइस्ट जोशुआ बेल त्यांच्याकडे घडला. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, नंतर फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये, आणि पुढे लॉस एंजेलिसला तरुणांचा ऑर्केस्ट्रा उभा करून १९६४ पासून तीन दशकांहून जास्त काळ चालवला. यातल्या कुणालाही तू ‘सोलोइस्ट होता आलं नाही म्हणून’ असं म्हणू शकशील का? व्हायोलिनवरचं आयुष्य बहुतेकांचं असंच तीन-चार कामांचं मिळून बनतं.

सरांचं म्हणणं मला पटतं, पण एक अट घालते: ऑडिशन द्यायचीच तर नाइलाजाने देऊ नकोस. पडद्यामागून चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही, चालण्यावरून बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरतात. पण नाइलाज ऐकू येतो. सोलोच्या तालमीत वाढलेली मुलं मोत्सार्टवर मार खातात. चौथ्या किंवा पाचव्या कॉन्चेर्तोचं पहिलं पान सोपं म्हणून शेवटी हातात घेतात, आणि तिथेच कच्चा सूर, ओढलेली लय, सुरांच्या शेवटाकडे दुर्लक्ष, सगळं उघडं पडतं. मग उतारे येतात, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले अवघड तुकडे. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिंफनीतलं स्केर्त्सो (वेगवान भाग), मोत्सार्टच्या ३९व्या सिंफनीतले तुकडे, हे तर जवळजवळ ठरलेलेच. ‘डॉन हुआन’च्या सुरुवातीच्या उसळीत बोटं सगळ्यांचीच धावतात. परीक्षक ऐकत असतात की विरामाची जागा भरली की खाल्ली. शूमानमध्ये चौथ्या ओळीनंतर कोण पळायला लागतं, ते ऐकतात. उतारा एकटीने वाजवताना त्या क्षणी बाकीचा ऑर्केस्ट्रा काय करतोय हे तुला माहीत असेल तर तुझ्या वाजवण्यात ते उतरतं, आणि नसेल तर तेही. म्हणून उताऱ्याच्या पानाबरोबर पूर्ण स्कोअर समोर ठेव.

तयारीचा एक उपाय जो मी सगळ्यांना सांगते: तीन मजले जिने चढून ये आणि धाप लागलेली असतानाच, सूर जुळवायला अर्धं मिनिट घेऊन, पहिला उतारा वाजव. रेकॉर्ड कर. मग दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको. ऑडिशनच्या दिवशी छाती धडधडणारच असते, ती थांबवता येत नाही, तिच्यासकट वाजवायची सवय मात्र करता येते. पहिल्या ऑडिशनला पहिल्या फेरीत बाहेर पडणं फार सर्रास आहे. निवड झाल्यावरही बऱ्याच ठिकाणी परीक्षेचा काळ असतो, साधारण वर्षभर, आणि त्यात तुझी बोटं कमी आणि तुझं ऐकणं जास्त पाहिलं जातं.

क्वार्टेटबद्दल तू लिहिलंस की वेळ जाईल. इथे मी तुझ्याशी अजिबात सहमत नाही. लक्षात राहील असं वाजवणं कुठे शिकायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एका भागात एकच वादक, त्यामुळे लपायला जागा नाही, आणि समोर तिघं, त्यामुळे फक्त स्वतःला ऐकून चालत नाही. एखाद्या वाक्याचा श्वास कुठे घ्यायचा यावर तासभर वाद होतो, आणि त्या वादात तुला पहिल्यांदा कळतं की या संगीताबद्दल तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे. लंडनचं अमाडेउस क्वार्टेट १९४८ पासून १९८७ पर्यंत त्याच चौघांनी वाजवलं, व्हिओलावादक पेटर शिडलोफ गेले तेव्हा उरलेल्या तिघांनी ते थांबवलं, दुसरा कुणी घेतला नाही. तुला काही चाळीस वर्षांचं वचन द्यायचं नाहीये, आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचं आहे. दुसऱ्या व्हायोलिनची जागा मिळाली तरी जा. आतले सूर वाजवायला शिकलेला माणूस पहिलं व्हायोलिन वेगळंच वाजवतो.

कर्ज काढून जुनं व्हायोलिन? नको. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दहा नावाजलेल्या सोलोइस्टना डोळ्यांवर गडद चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती, जगप्रसिद्ध स्ट्राडिव्हारियस व्हायोलिनांसकट. दौऱ्यावर कोणतं न्याल म्हटल्यावर दहापैकी सहा जणांनी नवं निवडलं. क्रिश्चन टेट्झलाफ हा आजचा मोठा सोलोइस्ट, तो श्टेफान-पेटर ग्राइनर या हयात कारागिराचं व्हायोलिन वाजवतो. मोठ्या सोलोइस्टच्या हातातली कितीतरी जुनी वाद्यं त्यांची स्वतःची नसतातही, संस्था किंवा धनिक त्यांना ती वापरायला देतात. तुझं आत्ताचं व्हायोलिन चांगल्या कारागिराकडे ने, घोडी आणि आतली काठी तपासून घे, तारा बदल, गजाचे केस नवे बसवून घे. गज हलका-जड वाटत असेल तर दोन-चार वेगळे गज आठवडाभर वापरून बघ. आवाजात पडणारा फरक बघून तुझा तुलाच कर्जाचा विचार बाजूला ठेवावासा वाटेल.

राहिले बाबा. ते ‘किती दिवस’ विचारतात त्यात राग नसावा, काळजी असावी, कारण तुझं नक्की काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. दाराआडून सात तास व्हायोलिन ऐकू येतं, एवढंच. त्यांना तारीख देऊ नकोस, माहिती दे. येत्या दोन हंगामांत कुठल्या ऑडिशन देणार, त्याची यादी त्यांच्यासमोर ठेव. प्रत्येक वेळी कितव्या फेरीपर्यंत गेलीस ते सांग. पहिली, मग दुसरी, मग शेवटची, असा आकडा सरकत असेल तर तुझी वाट बरोबर आहे आणि त्यांनाही ते समजेल. दोन हंगामांत तो आकडा जागचा हलला नाही, तर सरांबरोबर बसून पुन्हा विचार करायचा, हेही त्यांना आधीच सांगून टाक. मधल्या काळात दोन-तीन विद्यार्थी घे. नवशिक्याला गज धरायला शिकवताना स्वतःच्या अंगठ्याचं काय चाललंय ते फार लवकर कळतं, शिवाय घरात थोडे पैसेही येतील.

ब्राम्सचा कॉन्चेर्तो सोडू नकोस. आठवड्यातून एक दिवस त्याला दे, खांदा बरा झाल्यावर. छोटे ऑर्केस्ट्रे, हौशी ऑर्केस्ट्रे सोलोइस्ट शोधत असतात, आणि तिथे पुढे उभं राहून तो वाजवायला स्पर्धा जिंकलेली असावी लागत नाही. सरांच्या ओळखीत असे कंडक्टर असतीलच, विचारून बघ.

आणि क्वार्टेटला होकार याच आठवड्यात कळव. दुखण्यामुळे सुरुवातीला तालमी छोट्या ठेवाव्या लागतील, हेही मैत्रिणीला मोकळेपणाने सांग. डॉक्टर काय म्हणाले ते मला लिही, मी वाट बघते.

सस्नेह,
ताई